सुकाणूचे जादा वल्हे

ज्याच्या आज्ञेत राहून नद्या आपला उतार सोडीत नाहीत, त्या परमेश्वराला आणि आमच्या कुलदेवतेला नमस्कार करून हे लिहावयास बसलो आहे. आज माझ्या गुरुजींची तिथी. त्यांना पुत्र नव्हता, म्हणून त्यांचे श्राद्ध मीच करीत आलो. सकाळी पिंडदान आटोपल्यावर धाकट्या सुनेने विचारले, "मामंजी, गुरुजी नावेतून काळेश्वरला निघाले होते म्हणतात. मग पोचले का?" घरात ही हकीकत अर्धीच ठाऊक आहे, कारण मी ती कधी शेवटपर्यंत सांगितली नाही. आज सांगतो.

आमचे गाव वणी तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी. यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात गेला त्यानंतरचे दुसरे वर्ष असावे. गुरुजी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि माझ्याच घरी राहत. वयाच्या आठव्या वर्षी मी त्यांच्यापुढे संथा घ्यायला बसलो. अमरकोश, रूपावली, मग पौरोहित्य, सारे त्यांच्याच मुखातून ऐकले. आदल्या वर्षी विहिरीच्या ओट्यावर पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, ते नीट जुळून आले नाही. अंथरुणावर ते शांत पडून असत; पण बैलगाडीत घातले की पहिल्याच खाचखळग्याला त्यांचा चेहरा पांढरा पडे. वणीच्या डॉक्टरांकडे नेताना दोनदा त्यांची शुद्ध हरपली होती.

असे असता त्यांना एकच गोष्ट हवी होती. लहानपणी देवीच्या आजारातून ते वाचले, तेव्हा त्यांच्या आईने नवस बोलला होता की या मुलाला काळेश्वरला, प्राणहिता-गोदावरीच्या संगमात, स्नान घालीन. आई लवकर गेली, नवस राहून गेला. साठ-सत्तर वर्षे त्यांनी त्याचा उच्चार केला नाही. खुबा मोडल्यावर मात्र एके दिवशी संध्या आटोपल्यावर ते मला म्हणाले, "आईपुढे आता लवकर उभे राहावे लागेल. ती पहिला प्रश्न तोच विचारील."

गाडीने नेणे अशक्य होते. तेव्हा नदीनेच नेण्याचे ठरले. आमच्या घाटावर ज्याची नाव चाले तो भोई तरुणपणी बांबूचे तराफे घेऊन थेट सिरोंच्यापर्यंत गेलेला होता. वर्धेतून खाली गेले की पैनगंगा मिळते, पुढे वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यासमोर तिचा गोदावरीशी संगम होतो, हे त्याला आपल्या घरच्या ओसरीसारखे पाठ होते. पाऊस सरल्यावर आणि नदी उतरण्यापूर्वी जे तीन-चार आठवडे मिळतात तेवढ्यातच जाता येईल, असे त्याचे म्हणणे. त्यानंतर खडक उघडे पडतात.

नाव पोटाशी सपाट, सागाच्या फळ्यांची, मागे सुकाणूचे लांब वल्हे. हे वल्हे नावेच्या पाठीमागच्या उभ्या लोखंडी खुंटीवर बसे. दांड्याला भोक असे, ते खुंटीत घातले की वल्हे तिच्यावर फिरे. सामान जमविण्याचे काम मी अंगावर घेतले. भोयाने ओट्यावर बसून सांगावे, मी लिहून घ्यावे, असे दोन संध्याकाळ चालले.

"महाराज, गावात खिळा तुटला तं लोहाराकडं जाता येते. पान्यात लोहार कुठचा?" तो म्हणाला. "फळी फुटली तं फळी पाहिजे. दोर कुजला तं दोर पाहिजे. जे एक आहे त्याचं दुसरं नावीत पाहिजे."

"सगळ्याचेच?"

"माह्या भावाचं सोडून. तो एकच पुरे."

भाऊ शेजारीच विडी ओढीत बसला होता. तो म्हणाला, "भाऊचंच दुसरं घ्या, महाराज. हा बुडाला तं कोनाले इचारू रस्ता?"

मग मी सागाच्या चार फळ्या घेतल्या. हातवल्ह्यांचा एक जोड, अंबाडीचे दोन दोर, बोटभर लांबीचे खिळे आणि पत्र्याच्या पट्ट्या घेतल्या. फटी बुजवायला जिनिंगमधून आणलेला उरलासुरला कापूस, राळ आणि जवसाचे तेल डब्यात भरले. रेती लागलीच तर नाव ढकलायला बांबू होतेच. माझी पूजेची पेटी, दर्भ, ताम्हन, गुरुजींच्या पोथ्या वेगळ्या. भोयाने ती पेटी उचलून पाहिली आणि डोळे मोठे केले. "एवढं बसलं तं आमी दोघं मांगून पोहत येतो."

राहिले ते सुकाणूचे दुसरे वल्हे. त्यावर भोयाचा सर्वांत जास्त कटाक्ष होता. ते साधे काम नव्हते. बारा हात लांबीचे, एकसंध सागाचे, पात्याला बेताचा बाक दिलेले. आमच्या गावच्या सुताराने हात वर केले. तेव्हा भोयानेच एका मिस्त्रीचे नाव सुचविले. हा वणीच्या जिनिंगमध्ये यंत्रांचे लाकूडकाम करी. आमच्याच गावचा, दोन वर्षांपूर्वी त्याच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला होता. त्याने केलेले वल्हे गुरुजींच्या नावेवर चढवायचे यावरून देवळात कुजबूज झाली. मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "लाकूड सरळ आहे का, एवढे पाहा." मी होकार कळविला, पण मनातून मी निवळलो नव्हतो, हे आज लिहिताना लपवीत नाही.

नवरात्रात पलीकडच्या तीरावर देवीची यात्रा असे, त्यामुळे नाव दिवसभर माणसे वाहण्यात गुंतलेली. मिस्त्रीला नावेवर जाऊन माप घेता आले नाही. भोयाने खुंटीभोवती सुतळी गुंडाळून तिला गाठ मारली आणि ती सुतळी त्याला दिली. त्यावरून त्याने दांड्याला भोक पाडले. अष्टमीच्या संध्याकाळी वल्हे माझ्या घरी आले. काम देखणे होते. पात्यावर रंध्याची एक रेघ दिसत नव्हती.

नवमीला आमच्याकडे शस्त्रे-अवजारे पूजेस मांडतात. त्या पहाटे मी सारे सामान ओसरीत ओळीने लावले आणि प्रत्येकावर हळदकुंकू, अक्षता, झेंडूचे फूल वाहिले. सुकाणूचे वल्हे सर्वांत पुढे, त्याला पिवळे सूत गुंडाळलेले. पूजेत बसलेल्या अवजाराला दशमीची उत्तरपूजा होईपर्यंत हात लावू नये, हे मला लहानपणापासून शिकविलेले. आणि त्या दिवशी, इतक्या मोठ्या कार्याच्या तोंडावर, ते काटेकोर पाळणे मला अधिकच अगत्याचे वाटले.

दुपारी मिस्त्री आला. अंगणात उभा राहिला. हातात कापडात गुंडाळलेले गिरमिट, लाकडाला भोक पाडायचे.

"महाराज, वल्हं द्या जरा. नाव आता रिकामी आहे, घाटावर. खुंटीत बसवून पाहातो."

"आज नाही, मिस्त्री. आज ते पूजेत आहे."

"म्हनूनच आलो. मी उद्या नाही इथं. दशमीले नागपूरले जाऊन राह्यलो, सगळे निघालेत आमच्याकडचे." त्याने गिरमिट दाखविले. "भोक सुतळीच्या मापावर पाडलं मी. सुतळी ओली होती का कोरडी, कोन जाणे. दोन सूत इकडंतिकडं झालं तं बसनार नाही."

"परवा पाहू."

"परवा तं तुमी पान्यात असान!" तो हसला. मग माझा चेहरा पाहून थांबला. "टरकवाले पाहा, पांढरकवड्याच्या रोडवर. स्टेपनी नवीन घेतली की पयले लावून पाहातात. जंगलात पंक्चर झाल्यावर बोल्ट बसत नाही म्हनून कोनाले सांगान? तुमाले हात लावाचा नसन तं मी लावतो. आमच्या घरी आता हत्यारं पूजेले मांडत नाही. मले दोष नाही, तुमाले बी नाही."

मी म्हणालो, "तुझ्या घरी मांडत नसतील. हे माझ्या घरी मांडले आहे."

एरवी मी त्याला मिस्त्री आणि तुम्ही म्हणत असे. ते 'तुझ्या' आपोआप निघाले. त्याने ते ऐकले. कापड पुन्हा गिरमिटाभोवती गुंडाळले, "बरं," म्हणाला, आणि निघून गेला.

दशमीला सकाळी मी उत्तरपूजा केली. विजयमुहूर्त दुपारचा. घाटावर अर्धे गाव लोटलेले. गुरुजींना खाटेसकट उचलून नावेत ठेवले, वर ताडपत्रीची सावली केली. नावेची पूजा झाली, सुकाणूला आंब्याचे तोरण बांधले. तेवढ्यात भोई माझ्या कानाशी लागला.

"ते नवं वल्हं एकदा खुंटीत घालून पाहू काय, महाराज?"

त्यासाठी तोरण सोडून बसविलेले सुकाणू उपसावे लागणार होते. निघण्याच्या क्षणी सुकाणू उपसणे मला अशुभ वाटले, आणि मुहूर्त सरत चालला होता. मी नकारार्थी मान हलविली. भोयाने नवे वल्हे बाजूच्या फळीला बांधून टाकले.

पहिले तीन दिवस मी सुखात होतो. पाणी मातकट पण संथ. काठाला कपाशीची पिवळी फुले, कुठे मचाणावरून पाखरांना हाकलणारा शेतकरी. नावेला हिसका म्हणून नव्हता. गुरुजी उशाला पोथी घेऊन पडून राहत आणि मधूनच बोटे पाण्यात सोडीत. तिसऱ्या दिवशी पैनगंगेचा संगम लागला. भोयाने नाव थांबविली. मी गुरुजींच्या ओंजळीत पाणी दिले. ते म्हणाले, "एक झाला. आता दोन उरले." वर्षभरात त्यांच्या आवाजात एवढा उत्साह मी ऐकला नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी खडकांची धार लागली. नदी तेथे दोन-तीन वाटांनी फुटते आणि पाणी एकदम वेगाने उतरते. भोई उभा राहून सुकाणू सांभाळीत होता, भाऊ पुढे बांबू घेऊन. धार जवळजवळ ओलांडली होती. इतक्यात पाण्याखालच्या एका खडकावर सुकाणूचे पाते आदळले आणि दांडा मानेशी तुटला. नाव आडवी झाली. भावाने बांबू रोवून, अंगाचा सारा भार टाकून तिला रेतीवर चढविले. कोणाला इजा झाली नाही. गुरुजींनी फक्त विचारले, "काय मोडले?"

"सुकाणू," मी म्हणालो. "आपल्याजवळ दुसरे आहे." हे सांगताना मला अभिमान वाटला, तोही आठवतो.

आम्ही नवे वल्हे सोडले. भोयाने तुटका दांडा खुंटीतून काढला, नव्याचे भोक खुंटीवर टेकविले आणि दाबले. ते बसेना. फिरवून पाहिले, तेल लावून पाहिले. भाऊ वर उभा राहिला. खुंटी भोकाच्या तोंडाशीच अडे. करंगळीच्या नखाएवढे कमी पडत होते, अधिक नाही.

"गिरमिट?" भोई म्हणाला.

फळ्या होत्या, खिळे होते, राळ होती, दोर होता. भोक वाढविण्याचे एकही हत्यार माझ्या यादीत नव्हते. ते मिस्त्रीच्या कापडात होते, आणि मिस्त्री नागपुरास होता.

रेतीवर जाळ करून आम्ही लोखंडाची पट्टी लाल केली आणि भोकात फिरविली. लाकूड जळाल्याचा धूर डोळ्यांत गेला. दोनदा केले. तिसऱ्या वेळी भोयाने दांडा खुंटीवर ठोकला, तेव्हा कडकन आवाज झाला आणि सागाचा तो सुरेख दांडा भोकापासून वीतभर उभा चिरला. दोराने आवळून आम्ही काठाकाठाने थोडे अंतर गेलो. पहिल्याच ओढीला चीर उघडली आणि दोर सैल पडला.

भोयाने नाव काठाला लावली. बराच वेळ तो पाण्याकडे पाहत राहिला.

"म्होरं याहून मोठी धार आहे, महाराज. मी एकटा असतो तं गेलतो असं समजा. बुड्या महाराजाले घेऊन नाही जात मी."

"नवे करून घेऊ. जवळ एखादे गाव असेल."

"गाव आहे. सुतार नाही. लाकूड आनाचं, सुतार आनाचा, आठ रोज गेले. पानी पाहा," असे म्हणून त्याने काठाकडे बोट केले. सकाळची ओली रेघ पाण्याच्या वर कोरडी दिसत होती. "आठ रोजात हे खडक उघडे पडतात. नाव खांद्यावर न्याची काय?"

त्यातच संध्याकाळी गुरुजींना ताप भरला. आता त्यांना परत नेण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि परत म्हणजे बैलगाडीने. प्रवाहाविरुद्ध सुकाणूवाचून नाव येणार कशी? मी त्यांच्या खाटेशी जाऊन बसलो. त्यांनी डोळे न उघडता विचारले, "दुसरे होते ना? मग काय झाले?"

मी सर्व सांगितले. मिस्त्री अंगणात आला, काय म्हणाला, मी काय म्हणालो, तेही.

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "नवमीला हात लावू नये, हे तुला कोणी सांगितले?"

"आपणच."

"तेव्हा तू केवढा होतास?"

"दहा वर्षांचा असेन."

"दहा वर्षांच्या मुलाने भरल्या पूजेतून विळा उचलून खेळायला नेऊ नये, म्हणून सांगितले होते." श्वास घेण्यासाठी ते थांबले. "पुढे तू स्वतः विधी शिकलास. देवतेला हात जोडावेत, अक्षता टाकून निरोप द्यावा आणि अडलेली वस्तू उचलावी. नवमीच्या दुपारीही ते करता आले असते. किती वेळ लागतो त्याला?"

पापणी लवेपर्यंतचेच ते काम. मी दुसऱ्यांच्या घरी ते कितीदा केले होते. कुणाची गाय अडली, कुणाला दवाखान्यात नेण्यासाठी पूजेतली गाडी हवी होती. माझ्या स्वतःच्या ओसरीत, अंगणात तो माणूस उभा असताना, ते मला आठवले नाही. की आठवू दिले नाही?

"त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर मी," अशी मी सुरुवात केली.

"ते मला सांगू नकोस," गुरुजी म्हणाले. "मी ऐकून काय करू?" त्यानंतर त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत.

गाडीचा प्रवास तीन दिवस चालला. गवताच्या चार थरांवर त्यांना निजविले होते. पहिला दिवस ते दात आवळून राहिले. दुसऱ्या दिवशी कण्हणे ऐकू येऊ लागले. तिसऱ्या दिवशी आवाज नव्हता. मी गाडीमागे चालत होतो. प्रत्येक खळग्याशी गाडीवान मागे वळून माझ्याकडे पाही, आणि मी खाली पाही.

घरी आल्यावर ते मार्गशीर्षापर्यंत होते. मी एकदा धीर करून म्हटले, "आपल्या नावाने मी जाऊन स्नान करून येतो. शास्त्राला मान्य आहे."

"आहे," ते म्हणाले. "पण आईने नवस या देहाचा बोलला होता. जा, तुला पुण्य लागेल. माझा प्रश्न तसाच राहील." हे ते रागाने म्हणाले नाहीत. एखाद्या विद्यार्थ्याची विभक्ती चुकली म्हणजे जसे सांगत, तसे सांगितले.

त्यांचा देह पडला त्या आठवड्यात मिस्त्री आला होता, लोकांबरोबर. गर्दी पांगल्यावर मी त्याच्याजवळ गेलो आणि वल्हे बसले नाही हे माझ्या तोंडाने सांगितले. त्याला ते भोयाकडून केव्हाच कळले होते.

"जाळून वाढवलं म्हने भोक?" तो म्हणाला. "साग उभं फाटते, महाराज. दोन फेरे गिरमिटाचे होते ते. विडी पेटवाले जास्त टाइम लागते."

"माझी चूक झाली."

तो म्हणाला, "चूक तं माही बी आहे. सुतळीवर भोक पाडाले नव्हतं पाहिजे. पन मी दुरुस्त कराले आलतो. तुमी अंगनातूनच वापस पाठवलं. त्या उन्हात पानी घेता काय म्हनून इचारलं नाही."

मी आत गेलो, तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने तांब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आता तहान नाही," म्हणाला. आवाजात कडवटपणा नव्हता. त्याला खरोखरच तहान नव्हती. तो गेल्यावर मी भरला तांब्या हातात घेऊन बराच वेळ अंगणात उभा होतो.

अस्थी मी काळेश्वरला नेल्या. बल्लारशापर्यंत रेल्वे, पुढे बस आणि थोडे पायी; दोन दिवसांत पोचलो. संगमावर प्राणहितेचे पाणी एका रंगाचे आणि गोदावरीचे दुसऱ्या रंगाचे दिसते, आणि बरेच अंतर दोन्ही शेजारी शेजारी वाहतात. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून मी कलश रिकामा केला. देहाचे जे उरले होते ते त्या पाण्याला लागले, असे मी मनाला समजावले. त्याला स्नान म्हणता येत नाही, हे मला कळत होते. आईच्या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर दिले असेल, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलो नाही. माझी वेळ येईल तेव्हा ते मला त्यांनाच विचारावे लागेल.

सुनबाई, गुरुजी पोचले नाहीत. कारण वर लिहिले आहे.

हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरात जे वृद्ध असतील त्यांचे राहून गेलेले संकल्प त्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण होवोत. ते पूर्ण करणाऱ्यांच्या बुद्धीला योग्य वेळी योग्य ते आठवो. तुझ्या कुटुंबास आरोग्य, अन्न आणि समाधान लाभो, आणि परमेश्वराची कृपादृष्टी तुझ्या उंबऱ्यावर अखंड राहो.